सुळ्यांच्या बुरजावरचा रोगी

"आधी तुम्ही प्या," आत्याबाई म्हणाल्या.

मी औषधाची बाटली हातात धरून उंबऱ्याबाहेरच थांबले. होडीतून उतरताना लुगड्याचा काठ भिजला होता, पायऱ्या चढून धाप लागली होती, आणि ही उंच, कोरड्या चेहऱ्याची, विधवेचं लाल अलवण नेसलेली बाई दार अडवून उभी होती.

"हे रोग्यासाठी आहे," मी म्हणाले. "हिवताप आहे असा तुमचा निरोप होता."

"जयवंताच्या तोंडात जे जाईल, ते आधी आणणाऱ्याच्या तोंडात जातं. नसेल पटत, तर होडी अजून धक्क्यालाच आहे."

मी बूच काढलं आणि घोटभर क्विनाइन प्यायले. ते किती कडू असतं हे रोग्यांना रोज देताना माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. आतल्या काळोखातून कुणीतरी हसलं.

"तोंड वाकडं केलं का गं त्यांनी, आत्या? मला इथून दिसत नाही."

"केलं."

"मग औषध खरं आहे. येऊ दे त्यांना."

जयवंतराव सुळ्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा. माणूस दिसला तो नंतर, डोळे अंधाराला सरावल्यावर.

मी द्वारका खोपकर. मुंबईला डॉक्टरी शिकून नुकतीच कारंब्याच्या बायकांच्या दवाखान्यात लागले होते. मला कळायच्या आधीच माझं लग्न झालं होतं आणि कळायच्या आधीच कुंकू पुसलं गेलं होतं. वडिलांनी केशवपन होऊ दिलं नाही, शिकवलं, आणि त्यापायी जातभाईंचं येणंजाणं तोडून घेतलं. कारंबं बंदर लहान. खाडीच्या तोंडाशी, तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या खडकावर जुन्या किल्ल्याचा एकच बुरूज शिल्लक होता आणि त्याच्या पोटात सुळे जहागीरदारांनी घर बांधलं होतं. त्या घराकडे बोट दाखवायलासुद्धा कोळणी कचरत. जयवंतरावांच्या आजोबांनी म्हणे एका वैऱ्याला समेटाच्या जेवणाला बोलावलं आणि पानात विष घातलं. तो मरताना म्हणाला, तुमच्या घरातला पुरुष पानावर बसून सुखाने म्हातारा होणार नाही. तेव्हापासून सुळ्यांचे पुरुष तरुणपणीच जात होते.

मी असल्या गोष्टींना हसत असे. पण त्या खोलीत हसू आलं नाही. खिडक्यांना काळी कांबळी ठोकलेली. वारा त्यांना मागून धडका देई आणि भिंतीच श्वास घेतायत असं वाटे.

जयवंतराव तिशीच्या आतबाहेर असतील. हाडं वर आलेली. डोळ्यांतून सारखं पाणी गळत होतं आणि उजेड सोसत नव्हता. तळहात सुताराच्या हातासारखे घट्टे पडलेले. पण या हातांनी कधी काम केलं नव्हतं. पायांना मुंग्या, पोटात अन्न ठरत नाही, अधूनमधून बारीक ताप. मी पायाला टाचणी टोचली.

"टोचलीत का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग सांगत चला. मला कळत नाही, पण तुमचे कष्ट फुकट जातायत असं वाटायला नको."

बाहेर आल्यावर मी आत्याबाईंना म्हटलं, "मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना का नाही बोलावलंत?"

"दोघे येऊन गेले. पुरुष विकत घेता येतो, डॉक्टरीणबाई. तुम्हाला विकत घ्यायला कुणी देणार काय? तुमच्या-माझ्यासारखीला हवं असण्यासारखं लोकांकडे असतंच काय?" त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या. "माझा भाऊ, म्हणजे जयवंताचा बाप, असाच खंगला. हातपाय बधिर. डोळ्यांना धार. शेवटी पलीकडच्या तीरावर लग्नाच्या पंगतीला गेला, पानावरून उठला तो ओकतच, आणि सकाळपर्यंत गेला. विष कुणी घातलं, अजून कळलं नाही. म्हणून जयवंताचं सगळं मी माझ्या हाताने करते."

आणि ते खरंच होतं. रोज सकाळी आंघोळ करून, ओल्या अंगाने देवाला हात जोडून, त्या चांदीच्या वाटीत मध आणि आल्याच्या रसाचं चाटण घेऊन येत आणि ते चमच्याने जयवंतरावांना भरवत. एवढा मोठा पुरुष लहान मुलासारखा तोंड उघडी. मला ते बघून भरून येई. माझी आई मी नवऱ्यावाचून घरी परतले त्याच वर्षी वारली होती.

मी हिवतापाचे आणि अशक्तपणाचे उपचार सुरू केले. एक दिवसाआड जायचं ठरवलं होतं. पण दवाखान्यात माझं मन लागेना. एखादीची नाडी बघताबघता नजर खिडकीतून बुरजाकडे जाई. वारा पडला तर वाटे, त्यांना गुदमरत असेल. वारा सुटला तर वाटे, आज होडी जाणार नाही. उठावं, दारापर्यंत जावं, परत यावं. अशी मी कधी नव्हते. लवकरच मी रोज जाऊ लागले.

बुरजावर आणखी दोन माणसं होती. बापूसाहेब, जयवंतरावांचे चुलतभाऊ, जहागिरीचं काम पाहणारे, माझ्याकडे वाकड्या नजरेने बघणारे. आणि त्यांची मुलगी ठकू. ठकूची आई बाळंतपणात गेली होती. तिलाही आत्याबाईंनीच वाढवलं. ठकू काळोखाला भीत नसे. काकांच्या खोलीत शिरून ती शंखशिंपले त्यांच्या पांघरुणावर मांडी, आणि बोटांना कळत नसल्यामुळे ते ओठांना लावून कुठला शिंपला ते ओळखत.

"बाहेर काय आहे, सांगा," ते मला रोज म्हणत.

"समुद्र."

"तो माझ्याही ध्यानात आहे. आज कसा आहे?"

मी सांगू लागे. मचव्यांची शिडं, वाळत घातलेली जाळी, भांडणाऱ्या कोळणी. मी शिकलेली बाई. शरीराखेरीज कशाचं वर्णन करायची मला सवय नव्हती. त्यांच्यासाठी मी येताजाता बघायला शिकले. एकदा मी बोलायची थांबले तेव्हा ते म्हणाले, "आणि तुम्ही? तुम्ही कशा दिसता, ते कुणी सांगत नाही."

"बरी दिसते," मी म्हणाले, आणि माझे कान तापले.

"ठकू म्हणते, तुम्ही रागावल्यासारख्या दिसता."

"तेही खरं आहे."

पौष संपत आला तसा गुण दिसू लागला. आधी ओकाऱ्या थांबल्या. मग डोळ्यांचं पाणी कमी झालं. एका सकाळी मी गेले तर पूर्वेच्या खिडकीचं कांबळं एका कोपऱ्यातून सोडवलेलं. जयवंतराव म्हणाले, "सकाळी थोडा वेळ खिडकी उघडी असली तर बरं वाटतं." मी आनंदाने परवानगी दिली. पुढे ते भिंत धरून खिडकीपर्यंत जाऊ लागले. पायाला टाचणी लावली की, "आई गं," म्हणत, आणि आम्ही दोघं हसत असू. मला वाटलं, क्विनाइन, पोर्ट वाइन, अंड्याचा बलक, मालिश, माझं सगळं शास्त्र कामी आलं.

माघातल्या एका दुपारी ते खिडकीशी उभे होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे किलकिले, पण उघडे.

"ठकू खोटं बोलते," ते म्हणाले.

मी नाडीसाठी त्यांचा हात हातात घेतला. नाडी मोजायची राहून गेली.

"डॉक्टरीणबाई, मला हल्ली जगावंसं वाटतं. हे तुमच्या पुस्तकात कुठे बसतं?"

"कुठेही नाही," मी म्हणाले, आणि हात सोडला नाही.

त्या दिवशी धक्क्यापर्यंत पोहोचवायला आत्याबाई स्वतः आल्या. त्यांचा कोरडा चेहरा पहिल्यांदाच हलला होता. "यश आलं गं, द्वारके," त्या म्हणाल्या. मला एकेरी हाक मारलेली तेव्हा प्रथम ऐकली. "इतकी वर्षं नेटाने केलं, ते फळाला आलं. आता त्याला कुणी काही करू शकत नाही." मला वाटलं, त्या देवधर्माबद्दल बोलतायत.

फाल्गुन लागला. किनाऱ्यावर शिमग्याचे ढोल वाजू लागले आणि सकाळीच होडीवाला धावत आला. ठकू एकाएकी आजारी पडली होती.

ती पोर पिळवटून गेली होती. ओकारी, जुलाब, पायांत गोळे, ओठ निळे. बापूसाहेबांनी माझी पिशवी हिसकावून घेतली.

"तुझ्याच बाटल्यांनी झालंय हे! काल तिने काकांच्या खोलीत काहीतरी प्यायलं असेल. पोरीला काही झालं तर तुला याच खाडीत बुडवीन."

"बुडवा," मी म्हणाले, "पण आधी पिशवी द्या."

मला तो वास, ती लक्षणं माहीत होती. कॉलेजात उंदराच्या विषाने मेलेली एक बाई आम्हाला दाखवली होती. मी लोखंडाचं टिंक्चर आणि सोडा एकत्र करून त्याचा तांबूस साका गाळून घेतला आणि तो उतारा म्हणून पाण्यातून ठकूला चमच्याचमच्याने पाजत राहिले. ती ओकायची, मी पुन्हा पाजायची. मध्येच तिने डोळे उघडले. मी कानाशी वाकले. "ठके, सकाळी काय खाल्लंस?"

"काकांचं चाटण," ती पुटपुटली. "आत्याआजी म्हणाली, आता मी मोठी झाले."

आत्याबाई कोपऱ्यात माळ ओढत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मोलकरणीला पाण्याची घागर भरायला सांगितली आणि चुलीशी गेले. तांब्याची एक पट्टी राखेने घासून लख्ख केली. माझ्या बाटल्यांतलं थोडं थोडं औषध आम्ल घालून एकेक करून उकळलं, त्यात पट्टी बुडवली. बापूसाहेब खांद्यावरून बघत होते. पट्टी होती तशीच राहिली. मग चांदीच्या वाटीला चिकटलेलं चाटण पाण्याने धुऊन घेतलं आणि तेही उकळलं. पट्टी बघताबघता करडी झाली, मग काळी.

"हे काय?" बापूसाहेबांचा आवाज खाली आला होता.

"सोमल. उंदरांना घालतात ते विष."

मी सरळ जयवंतरावांच्या खोलीत गेले. मला वाटत होतं, त्यांना आधार द्यावा लागेल. ते खाटेच्या कडेला बसले होते, हात गुडघ्यांवर.

"तुमच्या चाटणात सोमल आहे," मी म्हणाले.

त्यांनी नुसती मान डोलावली. आणि त्या मान डोलावण्यातच मला सगळं समजलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"गेल्या वर्षापासून," ते म्हणाले. "डबी पाहिली होती. कोठारात उंदरांसाठी तीच असते. आत्या स्वतःही रोज कणभर खाते, द्वारकाबाई. आजोबांनी तिला शिकवलं. शरीराला थोडं थोडं विष शिकवलं की शत्रूचं विष लागत नाही म्हणे. वैऱ्याला मारल्यापासून आजोबांना तोच घोर होता. वडिलांना तिनेच दिलं. मला तिनेच दिलं."

"आणि तुम्ही खात राहिलात?"

"परकर नेसायच्या वयात ती विधवा होऊन या बुरजावर आली. मला जगवणं एवढंच तिने आयुष्यभर केलं. तिला कुठल्या तोंडाने सांगू, की तू मारते आहेस? मला वाटलं, मी जाईन, आणि तिला कधी कळणार नाही."

"पण बरे झालात."

"तुम्ही आलात," ते म्हणाले. "मग मला ते गिळवेना. तोंडात धरून ठेवायचो आणि आत्या गेली की खिडकीतून..." त्यांनी कांबळ्याच्या सुटलेल्या कोपऱ्याकडे पाहिलं.

माझं शास्त्र! मला हसू आलं असतं, पण बाहेर ठकू कण्हत होती.

"त्यांनी तुम्हाला सुधारताना पाहिलं," मी म्हणाले. "त्यांना वाटलं, चाटण लागू पडलं. म्हणून पोरीला सुरू केलं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर!"

त्यांचा चेहरा पांढरा पडला. हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. मी तिथे थांबले नाही. माझा संताप एवढा होता की त्यांच्याकडे बघितलं असतं तर मी रडले असते.

आत्याबाई ठकूजवळच होत्या. बापूसाहेब ती काळी पट्टी हातात धरून त्यांच्यापुढे उभे.

"सोमलच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यात लपवायचं काय? मीही खाते. मला काय झालंय? पोरीला पहिल्यांदा जड गेलं असेल. चार दिवसांनी सोसेल."

"एखाद्याला सोसतं, आत्याबाई," मी म्हणाले. "बाकीच्यांना आतून खातं. डोळे जातात, हातपाय बधिर होतात. जयवंतरावांना तेच झालं होतं. ते बरे झाले, कारण पौषापासून त्यांनी चाटण गिळलेलं नाही."

त्यांची माळ थांबली. त्या बाईला बुद्धी कमी नव्हती. त्यांच्या डोळ्यांमागे एकेक वर्ष सरकताना मी पाहत होते.

"डोळे," त्या म्हणाल्या. "आणि हातपाय." मग अगदी लहान आवाजात: "द्वारके, दादा पंगतीहून आला तेव्हा... विष उतरावं म्हणून मी आणखी चाटण दिलं होतं. सकाळपर्यंत देत होते."

मी तोंड उघडलं. इतक्या वर्षांनी नक्की सांगता येत नाही, असं मी म्हणणार होते. ते खोटंही नव्हतं. पंगतीत कुणी काय घातलं, घातलं की नाही, कोण सांगणार?

"हो, आत्या."

जयवंतराव दारात उभे होते. मधल्या चौकातलं पूर्ण ऊन त्यांच्या अंगावर पडलं होतं. भिंत धरून ते तेवढं अंतर एकटे चालून आले होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, उन्हाने की कशाने कोण जाणे.

"मला वाटतं, हो. बाबा त्यानेच गेले. मीही जात होतो. मी तुला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर आज ठकू अशी पडली नसती. हे पाप माझं आहे, तुझं नव्हे."

आत्याबाई रडल्या नाहीत. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले आणि भिंतीला टेकून बसल्या. दिवसभर तशाच. बापूसाहेबांनी नको ते शब्द काढले, तेही त्यांनी ऐकून घेतले. ढोल वाजत होते, मी पाजत होते. ऊन उतरायच्या सुमाराला ठकूच्या पोटात पाणी ठरलं. ओठांवर रंग आला. तिने इकडेतिकडे बघितलं.

"आत्याआजी, पाणी."

आत्याबाई हलल्या नाहीत. ठकूने पुन्हा हाक मारली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशी नजर मी फाशीच्या कैद्याचीसुद्धा कल्पिली नव्हती.

"द्या," मी म्हणाले.

त्यांनी पेला ठकूच्या ओठांना लावला, निम्मं पाणी गादीवर सांडलं. ठकूने उरलेलं पिऊन टाकलं आणि झोपली.

मी ठकू हिंडूफिरू लागेपर्यंत जात राहिले. जयवंतरावांशी कामापुरतंच बोले. शेवटच्या दिवशी ते स्वतः धक्क्यापर्यंत आले, काठी टेकत.

"लग्न कराल का माझ्याशी?" त्यांनी विचारलं. "विधवाविवाह म्हणून लोक काय म्हणतील, ते मला माहीत आहे. तुम्ही काय म्हणाल, ते माहीत नाही."

"मला तुमची भीती वाटते," मी म्हणाले.

"माझी?"

"माझं मन मोडू नये म्हणून तुम्ही काहीही गिळाल, आणि हसत राहाल. मला कधी कळायचं नाही. अशा माणसाशेजारी मला झोप यायची नाही."

"शिकेन," ते म्हणाले. "वेळ लागेल."

वेळ लागला. मी मधल्या काळात बदली मागितली, ती मिळाली नाही. देव जाणे मी ती मनापासून मागितली होती की नाही. बुरजाच्या खिडक्यांवरची कांबळी निघाली. आत्याबाई ठकूला घेऊन दवाखान्यात येत, बाहेरच्या बाकावर बसत, आणि कधी कधी एखाद्या बाळंतिणीचं पोर न सांगता मांडीवर घेत. दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात जयवंतराव काठीशिवाय दवाखान्याची पायरी चढले. जहागीर बापूसाहेबांच्या हाती सोपवली होती. जातीने वाळीत टाकलं तर त्याची झळ त्यांना नको म्हणून. जयवंतरावांनी मला पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मी आलोय." मी हो म्हटलं. जातीने खरंच वाळीत टाकलं. लग्नाला आत्याबाई आणि ठकू, आणि माझे वडील.

मला स्वयंपाक फारसा येत नव्हता. कॉलेजात असताना शिकायला सवड नव्हती, पुढे गरज पडली नाही. तरी लग्नानंतर आठवडाभर मी हौसेने चुलीशी बसत होते, आणि हे निमूटपणे जेवत होते. पानाकडे बघून, मान खाली घालून, सगळं संपवत होते. माझी धास्ती दिवसेंदिवस वाढत होती. रोज मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. काही दिसत नव्हतं.

मग एका दुपारी त्यांनी पहिला भुरका मारला, आणि वाटी खाली ठेवली.

"द्वारका," ते म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "आमटी खारट झालीय. पार खारट. आणि परवाचीही झाली होती."

मी उठून आत गेले, दार लावून घेतलं आणि पोटभर रडले. बाहेर ते घाबरून दार वाजवत होते. त्यांना सांगायला माझं तोंडच उघडेना, की इतकं सुखाचं मी आयुष्यात कधी काही ऐकलं नव्हतं.